लांडगा कोणी मारला, हिशोब कोणी फेडला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही २०१५ सालची कादंबरी तुमच्या मैत्रिणींनी डोक्यावर घेतली आहे. तुम्हीही ती दोन रात्रींत संपवलीत, पण शेवटी आपल्याला कुठेतरी गंडवलं असं वाटत राहिलं आणि नेमकं कुठे ते सापडेना. त्यात तुम्ही स्वतः कोकणातला राखणदार (गावाची हद्द राखणारा देव) आणि मोजणीला आलेली भूकरमापक मुलगी यांची गोष्ट लिहिताय, वैरातून प्रेमाकडे जाणारी. तिची अकरा प्रकरणं सोबत पाठवलीत आणि विचारलंत की या जातीच्या कादंबरीचं बळ कशात असतं आणि ती मार कुठे खाते.

मी बावीस वर्षं प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचून अभिप्राय लिहिते, अलीकडे ऑडिओ मालिकांच्या संहिताही वाचते. त्यामुळे हे उत्तर रसिकाचं कमी आणि पेन्सिल घेऊन बसलेल्या बाईचं जास्त होईल. कथेचे सगळे पत्ते पुढे उघडे केले आहेत. कादंबरी अजून वाचायची असेल तर इथेच थांबा.

या कादंबरीतली सगळ्यात चांगली गोष्ट पहिल्याच प्रकरणात आहे. फेयरा एकोणीस वर्षांची. घरचा पैसा बुडालेला, आई गेलेली, देणेकऱ्यांनी बापाचा गुडघा फोडून ठेवलेला. बाप आणि दोन थोरल्या बहिणी यांचं पोट हिच्या शिकारीवर. भर थंडीत हरणावर नेम धरून बसलेली असताना समोर एक अवाढव्य लांडगा येतो. इतका मोठा की हा लांडगा नसावा, माणसांचा मुलूख वेगळा करणाऱ्या भिंतीपलीकडच्या फे लोकांपैकी कुणीतरी असावा, अशी शंका तिला येते. (फे म्हणजे आपल्या गोष्टीतल्या पंख लावलेल्या पऱ्या डोळ्यासमोर आणू नका. यक्षाच्या जवळपासचं काहीतरी समजा. देखणे, दीर्घायुषी आणि वाकड्यात शिरले तर जीव घेणारे.) फेंना मारू शकेल असा ॲशच्या लाकडाचा एक बाण तिच्याकडे आहे. ती तो सोडते. शंका असूनही सोडते. खरं सांगायचं तर शंका आहे म्हणूनच सोडते, कारण तिच्या मनात त्या लोकांबद्दल पिढ्यान्‌पिढ्यांचा द्वेष आहे. एके काळी माणसं त्यांची गुलाम होती.

मग मेलेल्याचा बदला मागायला दारात एक जनावर येतं आणि तिला भिंतीपलीकडे घेऊन जातं. तो टॅमलिन, वसंत दरबाराचा स्वामी. हा साचा जुना आहे. फ्रान्समध्ये १७४० साली मादाम व्हिलनव्हनं 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची लांबलचक कथा लिहिली, १७५६ साली मादाम ब्यूमॉन्टनं ती आटोपशीर केली आणि तीच पुढे जगभर गेली. टॅमलिनचं नाव आणि परीलोकाच्या तावडीतून प्रियकराला सोडवून आणणारी माणसाची पोर, हे स्कॉटलंडच्या 'टॅम लिन' या जुन्या पोवाड्यासारख्या गाण्यातून आलं. पण मूळ गोष्टीत गुलाब तोडतो बाप आणि भरपाई करते मुलगी. बिचारी निरपराध. मासनं तो गुन्हाच मुलीच्या हातून करवला. म्हणजे ती त्या वाड्यात जाते ती बळी म्हणून नव्हे, खुनी म्हणून. एवढ्याशा बदलानं गोष्टीचा पाया पक्का झाला.

याचं मला एवढं कौतुक का, ते सांगते. 'शत्रू ते प्रेमी' असं बाडाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहून माझ्याकडे महिन्याला निदान एक हस्तलिखित येतं. उघडून बघावं तर वैर काय? पार्किंगमध्ये त्यानं तिच्या ॲक्टिव्हापुढे गाडी लावली. किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिचं नाटक पडलं आणि याचं उचललं गेलं. हा रुसवा झाला, फार तर खुन्नस. तो सुटायला दोनशे पानं लागायचं कारणच नसतं, आणि मग लेखक नवेनवे गैरसमज आणून पानं भरत बसतो. वैराला काहीतरी वजन लागतं. कुणाचं तरी कायमचं नुकसान झालेलं असावं लागतं, जे 'सॉरी' म्हणून भरून येत नाही. फेयराच्या गोष्टीत पहिल्या वीस पानांत एक प्रेत आहे. त्याला नाव आहे, अँड्रास, आणि त्याच्यासाठी शोक करणारे मित्र त्याच वाड्यात राहतात जिथे आता हिला जेवायला बसायचंय. गोष्ट इथून सुरू होत असेल तर वाचक हातातलं पुस्तक खाली ठेवत नाही.

अमानवी पात्रांच्या प्रेमकथेचा खरा फायदाही हाच. साध्या प्रेमकथेत आजच्या काळात दोन माणसांमध्ये एवढं मोठं वैर उभं करायचं तर दंगल, जात, जमीन, खून असं काहीतरी आणावं लागतं, आणि ते आणलं की गोष्ट प्रेमकथा राहणं अवघड होतं. भूत, यक्ष, रक्तपिपासू, लांडगामाणूस यांच्यामुळे जीवघेणं वैर आणता येतं आणि वाचकाला घरी सुरक्षितही ठेवता येतं. तोटाही त्याच जागी आहे, त्याच्याकडे नंतर येते.

दुसरी जमेची बाजू, वैर विरघळण्याची पद्धत. फेयराला वाचता येत नाही, जेमतेम अक्षरं लावते. टॅमलिनच्या ग्रंथालयात बसून ती अडलेल्या शब्दांची यादी करते आणि लाज वाटून कागद टाकून देते. तो कागद टॅमलिनला मिळतो. आता इथे दहापैकी नऊ लेखकांनी काय केलं असतं? तो हळुवारपणे म्हणाला, 'मी शिकवतो तुला.' तिच्या डोळ्यांत पाणी, वगैरे. मासनं त्याला त्या शब्दांच्या वात्रटिका करायला लावल्या. वाह्यात, थोड्या चावट पाच ओळींच्या कविता, प्रत्येकीत तिच्या यादीतले शब्द बसवलेले. आणि ती हसते. तिची लाज तिच्याच हातात विनोद म्हणून परत आली. तिला वाचता येत नाही हे त्याला कळलंय, त्यानं ते लपवलं नाही आणि कीवही केली नाही. ज्या माणसाचा आपण द्वेष करतो त्याच्यापुढे हसू फुटणं हा पहिला पराभव असतो आणि तो प्रेमाच्या कबुलीपेक्षा मोठा असतो. हे चार पानांचं काम आहे, पण पुढे त्याच्या मिठीपेक्षा मला तेच आठवतं. शिवाय हे वाचता न येणं नुसती सजावट म्हणून ठेवलेलं नाही. पुढे अमरांथा या क्रूर राणीच्या कैदेत तिला तीन परीक्षा द्याव्या लागतात. त्यातल्या दुसरीत भिंतीवरचा मजकूर वाचून योग्य खटका ओढायचा असतो, आणि तिथे तिच्या जिवावर बेततं.

आता तुम्हाला कुठे गंडवलं गेलं ते.

कादंबरीचे दोन तृतीयांश झाल्यावर आलिस नावाची दासी फेयराला सगळा उलगडा करून सांगते. त्या अमरांथानं टॅमलिनला शाप दिलेला असतो. सात गुणिले सात, म्हणजे एकोणपन्नास वर्षांची मुदत. तेवढ्यात त्यानं माणसांतली अशी मुलगी शोधायची की जिला फेंचा द्वेष आहे, जिनं त्या द्वेषापोटी, कुरापत काढली नसताना, त्याचा एक माणूस मारला आहे, आणि तीच पुढे त्याच्यावर प्रेम करते असं त्याला तोंडानं सांगेल. म्हणून टॅमलिन आपली माणसं लांडग्याच्या रूपात भिंतीपलीकडे पाठवत होता, कुणीतरी त्यांना मारावं म्हणूनच. अँड्रास स्वतःहून गेला होता.

कल्पना म्हणून ही झकास आहे. शापाची अटच 'वैरातून प्रेम' ही आहे. लेखिकेनं प्रकाराचं नावच कथानकाचं कुलूप केलं. पण त्याची किंमत बघा. पहिल्या वीस पानांत उभं केलेलं ते प्रेत एका परिच्छेदात माफ होऊन गेलं. फेयरानं खून केला, पण तो तर हवाच होता. टॅमलिन तिचा वैरी होता, पण तो तर पहिल्या दिवसापासून तिनं प्रेमात पडावं म्हणून वाट बघत होता. म्हणजे वैर एकतर्फी होतं, तेही अजाणतेपणी. दोनशे पानं तुम्ही ज्याला दुष्मनी समजून वाचत होतात ती लग्नासाठी मुलगी बघायचा कार्यक्रम निघाली. पोहे तेवढे राहिले.

संपादक म्हणून मी वैर सुटण्याच्या दोन रीती मानते. एक उलगडा, म्हणजे 'तुला वाटलं तसं नव्हतंच.' दुसरी पालट, म्हणजे 'होतं तसंच, पण मी आता तो राहिलो नाही.' उलगडा स्वस्त पडतो. त्यात कुणालाच बदलावं लागत नाही, फक्त माहिती पोहोचवावी लागते. पालट महाग, पण वाचकाला समाधान तोच देतो. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये नायक डार्सीचं पत्र येतं तेव्हा विकहॅम या लबाड माणसाबद्दलचा उलगडा होतो. ऑस्टिन तिथेच थांबली असती तर कादंबरी दोनशे वर्षं टिकली नसती. पत्रानंतर डार्सीची वागण्याची तऱ्हा बदलते, नायिका एलिझाबेथला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवल्याची लाज वाटते. उलगडा आधी, पालट त्याच्यावर रचलेला. मासच्या या कादंबरीत टॅमलिन पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत होता तसाच राहतो. त्याच्या बापानं माणसं गुलाम म्हणून ठेवली होती हे आपल्याला कळतं, आणि लगेच हेही कळतं की याला ते मान्य नव्हतं. झालं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुलामीचा विषय एका संवादात मिटला. भांडायला काही उरलंच नाही.

गंमत अशी की खरं वैर आणि खरा पालट याच पुस्तकात आहे, पण तो नायकाकडे नाही, ल्युसियनकडे आहे. ल्युसियन टॅमलिनचा दूत, एक डोळा धातूचा. अँड्रास त्याचा मित्र होता. तो फेयराशी जेवणाच्या टेबलावर खोचक बोलतो, तिला टाळतो, आणि त्याला तसा हक्कही आहे. तो हळूहळू नरमतो, तिच्या बाजूनं उभा राहतो, आणि यातलं काहीही 'तुझा गैरसमज होता' म्हणून घडत नाही. मेलेला मित्र मेलेलाच राहतो. या दोघांच्या चकमकी मला टॅमलिनच्या फुलबागांपेक्षा जिवंत वाटल्या. तुम्ही पुन्हा चाळलंत तर नुसते ल्युसियनचे प्रसंग ओळीनं वाचा, मी काय म्हणते ते दिसेल.

आणि एक अंगठी आहे. अमरांथाच्या बोटात. तिच्यात एका माणसाचा जिवंत डोळा बसवलेला. जुरियन त्याचं नाव. माणसं आणि फे यांच्या जुन्या युद्धात हा माणसांचा सेनानी. अमरांथाची बहीण क्लिथिया त्याच्या प्रेमात पडली. त्यानं ते प्रेम वापरून तिच्याकडून गुपितं काढली आणि हाल करून तिला मारलं. पुढे टॅमलिननं अमरांथाला झिडकारताना याच बहिणीचा टोमणा मारला, की तिलासुद्धा तुझ्यापेक्षा माणसाची संगत बरी वाटली होती, आणि त्यातून तो शाप निघाला. जरा थांबून बघा. वैरातून जुळलेलं प्रेम फसलं तर काय होतं याची अख्खी गोष्ट या एका अंगठीत आहे. खलनायिकेला वाटतं की अशा प्रेमावर विश्वास ठेवणारा मूर्ख असतो, आणि तिच्याकडे तसं वाटायला पुरावा आहे. फेयरानं तिच्यासमोर उभं राहून टॅमलिनवरचं प्रेम सिद्ध करायचं म्हणजे जुरियनच्या डोळ्यादेखत सिद्ध करायचं. केवढा माल होता हातात! लेखिका तो थोडक्यात उरकून परीक्षांच्या धावपळीत शिरते. माझ्या टेबलावर हे हस्तलिखित आलं असतं तर समासात मी इथे लाल पेनानं लिहिलं असतं: इथे दहा पानं हवीत, बागेतली तीस कापा.

बागेतली तीस पानं म्हणजे मधला भाग. चित्रं काढणं, चांदण्याच्या पाण्यात पोहणं, सहली. सुंदर आहे आणि ढिलं आहे. त्यातल्या त्यात सगळे मुखवटे घालून वावरतात, एका मेजवानीत चढवलेले ते चेहऱ्यांना कायमचे चिकटलेत, हे छान. ते कोडं मात्र बाळबोध आहे. अमरांथा सांगते की टॅमलिनला सोडवायचं तर तीन परीक्षा दे किंवा कोड्याचं उत्तर दे, आणि उत्तर आहे 'प्रेम'. दहावीतल्या मुलीनं पहिल्या वाचनात सांगितलं असतं. नायिकेला ते शेवटच्या श्वासापर्यंत सुचू नये यावर विश्वास ठेवायला माझी भाची तयार झाली, मी नाही.

आता जरा नाजूक मुद्दा. कॅलनमाय नावाच्या रात्री टॅमलिनवर एका विधीची जादू स्वार झालेली असते. फेयराला खोलीत थांबायला सांगितलेलं, ती बाहेर पडते. तो तिला मार्गिकेत भिंतीशी गाठून मानेला चावतो, आणि दुसऱ्या दिवशी सूर असा की तू बाहेर का पडलीस. वाचणाऱ्या पुष्कळ मुलींना हा प्रसंग आवडतो आणि त्यावरून मी कुणाला नावं ठेवणार नाही. कल्पनेत धोक्याशी खेळणं वेगळं, घरात वेगळं. वाचणाऱ्या बाईला ते कळतं. माझी तक्रार कारागिरीची आहे. वरती मी तोट्याचं म्हणाले तो हा. अमानवी कथेत 'मी नव्हतो, माझ्या अंगात आलं होतं' ही पळवाट कायम हाताशी असते. शाप, पौर्णिमा, रक्ताची तहान, ठरलेला जोडीदार वासावरून ओळखणं, सगळी त्याच घरातली. ती वापरली की पात्राला आपल्या कृत्याची जबाबदारी घ्यावी लागत नाही, आणि ज्यानं जबाबदारी घेतली नाही त्याला माफ तरी कसं करणार? माफीच नाही तर वैरातून प्रेमाकडे जाणारा पूल बांधायचा कशावर? अंगात येऊ द्या खुशाल. पण सकाळी भंडारा झटकल्यावर त्या माणसानं 'मीच तो' म्हणायला हवं.

ही कसोटी फेयराला लावली तर ती पास होते, आणि म्हणून इतक्या उणिवा मोजूनही मी या पुस्तकाला कच्चं म्हणत नाही. तिसऱ्या परीक्षेत तीन निरपराध फे तिच्यापुढे गुडघ्यावर बसवतात. प्रत्येकाच्या छातीत सुरा खुपसायचा. पहिले दोघं ती मारते. तिसऱ्याच्या डोक्यावरचं कापड काढतात तर तो टॅमलिन, आणि शापानं त्याचं काळीज दगडाचं झालंय हे आधी कानावर पडलेल्या गोष्टी जुळवून ओळखल्यामुळे ती वार करते. टॅमलिन वाचतो. पण त्या दोघांना कुठलाही उलगडा परत आणत नाही. ते स्वतःहून आले नव्हते, त्यांना लांडग्याचं कातडं नव्हतं, ते फक्त मेले. सुरुवातीला द्वेषानं मारलेला अँड्रास कथेनं माफ केला, आणि प्रेमासाठी मारलेले दोघं कथा कधीच माफ करत नाही. अमरांथा तिची मान मोडते, सात दरबारांचे स्वामी तिला जिवंत करतात, तेव्हा ती माणूस राहिलेली नसते. फे होऊन उठते. पहिल्या पानावर ज्या कातडीवर तिनं बाण सोडला ती आता तिची स्वतःची. वैर संपवायचं तर वैऱ्यासारखं व्हावं लागलं. इथे लेखिकेनं हिशोब चोख केलाय.

पुढचा भाग २०१६ साली आला. त्यात टॅमलिन फेयराला घरात कोंडतो आणि पहिल्या भागात तिला गुंगीची दारू पाजून दरबारात नाचवणारा रिसँड तिचा खरा जोडीदार ठरतो. तुमच्या मैत्रिणी म्हणतील की बघ, पहिल्या भागातल्या उणिवा लेखिकेनं मुद्दाम ठेवल्या होत्या. अर्धं पटतं. टॅमलिनचं 'तुझ्या भल्यासाठी' वाढत जाऊन कुलूप होतं, ते पहिल्या भागातल्या त्या रात्रीशी नीट जुळतं. पण रिसँडच्या बाबतीत पुन्हा तोच स्वस्त मार्ग. नाचवलं ते तुला वाचवण्यासाठी, वाईट वागलो ते सोंग होतं. पुन्हा उलगडा. दुसऱ्यांदा तीच युक्ती, फक्त माणूस बदलला.

आता तुमच्या राखणदाराकडे येते. कल्पना ऐकूनच मी खुर्चीत सरळ बसले, कारण दोघांचा धंदा एकच आहे. तो हद्द राखतो, ती हद्द मोजते. ती रोव्हर (मोजणीचं उपग्रहावर चालणारं यंत्र) घेऊन देवराईत आलीय, तिच्या नकाशावर तिथून रस्ता जातो. गावाच्या लेखी ती हद्द त्यानं रात्रीच्या फेऱ्या घालून आखलेली. वेताळाला वाहिलेल्या चपला रात्रीच्या फिरण्यानं झिजतात हा गोव्या-कोकणातला समज तुम्ही दुसऱ्या प्रकरणात वापरलाय. ती झिजलेली टाच बघून 'चालण्याची ढब डावीकडे झुकती' असं मनात टिपते. नोकरीच्या सवयीनं ती देवाच्या चपलेचंही मोजमाप घेते. ही ओळ कुणी काढा म्हणालं तरी काढू नका.

तुमच्याकडे आणखी एक हत्यार आहे जे मासकडे नव्हतं. इंग्रजीत वैरी, देव आणि प्रियकर तिघांना एकच 'यू'. मराठीत परक्याला तुम्ही, शत्रूला अरे-तुरे, प्रियकराला तू, नवऱ्याला जुन्या घरांत अहो, आणि देवाला मात्र सरळ तू. गाऱ्हाणं घालताना अख्खं गाव राखणदाराला अरे महाराजा म्हणतं आणि मागचे 'व्हय म्हाराजा' करतात. म्हणजे त्याला शेकडो वर्षांत कुणी 'तुम्ही' म्हटलेलंच नाही. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात नायिका त्याला पहिल्या वाक्यापासून 'तू' म्हणते. ते बदलून बघा. मी सहज खरडलेलं हे:

"लगतच्या कब्जेदारांना नोटीस द्यावी लागते. तुमचं नाव सांगा."

"नाव नाही."

"मग सही कोणाची घेऊ? तुमचा सात-बारा?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुन्हा म्हण."

"काय, सात-बारा?"

"त्याच्या आधीचं."

सरकारी खाक्यातलं कोरडं 'तुमचा' त्याला इतक्या वर्षांत कुणी केलेला पहिला मान वाटतो. वैर तसंच आहे, ती देवराई तोडायलाच आलीय, पण भेग पडली. पुढे ती चिडून 'तू'वर येईल तेव्हा त्याला दुखेल, आणि सगळ्यात शेवटी तिनं कुठला शब्द निवडायचा यावर तुम्हाला आठवडाभर डोकं खाजवावं लागेल. खाजवा.

तुमचं नववं प्रकरण मात्र मला अडलं. तिचे वडील वीस वर्षांपूर्वी त्याच देवराईत मेले, राखणदारानं मारलं असं ती मानत आलीय, आणि नवव्या प्रकरणात गावच्या म्हाताऱ्याकडून कळतं की वडील साप चावून गेले, राखणदार उलट त्यांना वाचवायला धावला होता. वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. हीच ती आलिस दासी, फक्त डोक्यावर टोपी घालून आलेली. वडिलांना त्यानंच मारलेलं असू द्या. त्यांनी हद्दीचा दगड सरकवला होता, त्यानं नेम पाळला, आणि तेव्हा त्याला त्यात काही चूक वाटली नव्हती. वीस वर्षांनी त्याच माणसाची मुलगी येऊन त्याला 'तुमचं नाव सांगा' म्हणते तेव्हा पहिल्यांदा वाटते. त्यानं ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, म्हाताऱ्याच्या नव्हे, आणि सांगताना 'तो माझा नेम होता' ही पळवाट त्याच्या हाताशी असूनही त्यानं ती घेऊ नये. तिनं त्यानंतर रात्रभर काय करावं हे मला माहीत नाही. मला वाटतं ती पहाटे उठून तो दगड जिथे होता तिथे परत मोजून बघेल, वडिलांनी खरंच किती सरकवला होता ते.

दहावं आणि अकरावं प्रकरण त्यामुळे बहुतेक नव्यानं लिहावं लागेल, म्हणून त्यांवर खुणा केलेल्या नाहीत. पहिली आठ सुधारून पाठवा, शुद्धलेखनाची काळजी आत्ता करू नका. पाचव्यात राखणदार एकदा 'ओके' म्हणतो, तेवढं तरी काढा.